तळ्याकाठचा तंबू आणि कामगाराची रजा

वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस बोलावले, तेव्हा आम्ही संपाच्या किंवा बोनसच्या इतिहासावर बोलू अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही मात्र सहलीवर बोलणार आहोत. मुलेबाळे घेऊन मोटारीने तळ्याकाठी जावे, तंबू ठोकावा किंवा चाकांवरचे घर उभे करावे, चार रात्री तेथे काढाव्या आणि परत यावे, एवढाच हा विषय आहे. युनियनवाल्याला या चैनीशी काय कर्तव्य, असे कोणास वाटेल. शेवटपर्यंत बसलात तर आमचे कर्तव्य काय ते उलगडेल.

विषय सुचला तो असा. आमचे एक जुने सभासद, तीस वर्षे लेथवर उभे राहिलेले, कचेरीत आले. त्यांचा मुलगा इंजिनीयर होऊन अमेरिकेत मिशिगन राज्यात मोटारीच्या धंद्यात आहे. आईबापांना त्याने उन्हाळ्यात बोलावले होते आणि उत्तरेकडच्या एका तळ्याकाठी सगळ्या कुटुंबाने मुक्काम करायचा बेत कळवला होता. बेताबरोबर सामानाची यादी होती. तंबू, खुंट्या, अंथरुणे, कंदील, डासांचे मलम, शेगडी, भांडी, अशा बेचाळीस जिनसा त्यात होत्या. यादी आमच्यापुढे ठेवून ते म्हणाले, "अण्णा, पोरानं बेचाळीस जिनसा लिहिल्यात. पण ह्यात रजा कुठं लिहिलीच नाही की."

त्यांनी थट्टेनेच म्हटले, पण बोलणे खरे होते. रजा हातात नसेल तर तंबू माळ्यावरच राहतो. ही रजा कामगाराच्या यादीत केव्हा आली, कोणी आणली, आणि तळ्याचा काठ त्याच्यासाठी मोकळा कोणी ठेवला, हे आम्ही ग्रंथालयात बसून शोधू लागलो. जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

हौसेने रानात जाऊन राहण्याची अमेरिकेतील लाट बोस्टनच्या एका धर्मोपदेशकाने उठवली. त्याचे नाव विल्यम मरे. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेस ॲडिराँडॅक नावाचा डोंगराळ, तळ्यांनी भरलेला मुलूख आहे. तेथील मुक्कामांवर त्याने १८६९ साली एक पुस्तक काढले. कोणत्या मार्गाने जावे, बरोबर काय न्यावे, वाटाड्या कसा निवडावा, स्त्रियांनी कोणते कपडे घालावे, हे सर्व त्यात होते. त्या उन्हाळ्यात शहरी लोकांची तिकडे इतकी झुंबड उडाली की, पावसाने आणि माश्यांनी हैराण झालेल्या या पाहुण्यांना वर्तमानपत्रे 'मरेचे मूर्ख' म्हणू लागली.

पण ही झुंबड कोणाची होती? वकील, डॉक्टर, व्यापारी, प्राध्यापक यांची. महिनाभर काम सोडले तरी ज्यांची चूल पेटत होती, त्यांची. त्यांच्यासाठी वाटाड्या होडी वल्हवी, तंबू ठोकी आणि मासे तळून वाढी. त्याच काळी त्याच देशातील गिरण्यांत मजूर दिवसाचे दहा-अकरा तास, आठवड्याचे सहा दिवस राबत होता. काम नाही त्या दिवशी दाम नाही, हा नियम होता. त्याला तळे दूर नव्हते. पण तेथे जाण्याइतके दिवस त्याच्या हाती नव्हते.

पुढे मोटार आली. हेन्री फोर्डने १९०८ साली आपली 'मॉडेल टी' गाडी काढली तेव्हा तिची किंमत ८५० डॉलरांच्या आसपास होती. १९२५ पर्यंत तिचा सर्वांत साधा नमुना २६० डॉलरांना मिळू लागला. मधल्या काळात, १९१४ साली, फोर्डने आठ तासांचा दिवस आणि पाच डॉलर रोज जाहीर केला. हे औदार्य निर्भेळ नव्हते. पूर्ण पाच डॉलर मिळण्यास कामगार 'लायक' आहे की नाही हे ठरवण्यासाठी कंपनीचे तपासनीस त्याच्या घरी जात आणि तो कसा राहतो, काय पितो, पैसे कसे खर्चतो याची नोंद करीत. तरीही जी गाडी कामगार बनवीत होता ती एक दिवस त्यालाही विकत घेता येईल, अशी शक्यता प्रथमच दिसू लागली.

फोर्डला स्वतःलाही तंबूचा शोक होता. १९१५ ते १९२४ या वर्षांत तो, संशोधक एडिसन आणि टायरवाला फायरस्टोन असे मित्र मोटारींचा ताफा घेऊन सहलींस निघत. स्वयंपाकाची गाडी वेगळी असे, आचारी बरोबर असत आणि तंबूत विजेचे दिवे लागत. १९२१ साली राष्ट्राध्यक्ष हार्डिंगही त्यांच्या तळावर जाऊन राहिले. वर्तमानपत्रांनी या मंडळींची छायाचित्रे छापली आणि सामान्य माणसाच्या मनातही तंबूची हौस भरली.

विसाच्या दशकात ही हौस रस्तोरस्ती दिसू लागली. गाडीच्या बाजूला कनात बांधून लोक रात्र काढीत. १९१९ साली फ्लॉरिडात अशा प्रवाशांनी एक संघ काढला. त्याचे नाव 'टिन कॅन टूरिस्ट्स', म्हणजे 'डबेवाले प्रवासी' म्हणा, कारण गाडीच्या पुढच्या झाकणावर पत्र्याचा डबा ही त्यांची खूण होती. गावोगावच्या नगरपालिकांनी प्रवाशांसाठी फुकट तळ उघडले. प्रवासी आला की गावच्या दुकानात गिऱ्हाईक आले, हा त्यामागचा हिशेब. मग त्याच तळांवर जुन्या गाड्या घेऊन कामाच्या शोधात फिरणारी गरीब कुटुंबेही उतरू लागली. ती दुकानात फारसे काही घेत नसत. तेव्हा अनेक गावांनी दररात्री काही सेंटांची फी बसवली. फी लहान होती, पण गरिबाला बाहेर ठेवण्यास पुरेशी होती.

चाकांवरच्या घराचे म्हणाल तर श्रीमंतांसाठी पिअर्स-ॲरो कंपनीने १९१० सालीच झोपण्याची सोय असलेली गाडी दाखवली होती. मध्यम कुटुंबाला परवडणारे घर डेट्रॉइटच्या आर्थर शर्मन या जंतुशास्त्रज्ञाने काढले. सहलीत पावसाने कुटुंब भिजले, म्हणून त्याने गाडीमागे ओढण्याची भक्कम पेटी बनवून घेतली. ती १९३० साली डेट्रॉइटच्या मोटार प्रदर्शनात मांडली आणि तिचा कारखानाच उभा राहिला. आज आपण मोटारघर किंवा ट्रेलर म्हणतो ती वाहने याच वाटेने आली.

आता आमच्या सभासदाच्या प्रश्नाकडे येऊ. गाडी आली, तंबू आला. रजा केव्हा आली?

फोर्डने १९२६ साली पाच दिवसांचा आठवडा केला, तो मालकाच्या मर्जीने. मर्जीने दिलेले मर्जीने जाते, हे १९२९ नंतरच्या मंदीत लाखो कामगारांना कळले. ३० डिसेंबर १९३६ रोजी मिशिगनमधील फ्लिंट गावी जनरल मोटर्सच्या कामगारांनी कारखान्यातच ठिय्या दिला. हिवाळ्यात ४४ दिवस बैठा संप चालला. बायका बाहेरून अन्न पोहोचवीत होत्या. ११ फेब्रुवारी १९३७ रोजी कंपनीने मोटार कामगारांच्या युनियनला मान्यता दिली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात फोर्डच्या कारखान्याबाहेर पत्रके वाटण्यास गेलेल्या वॉल्टर रूथर आणि त्याच्या साथीदारांना कंपनीच्या माणसांनी बेदम मारले. फोर्डने युनियनशी करार केला तो १९४१ साली. १९३८ च्या कायद्याने टप्प्याटप्प्याने ४० तासांचा आठवडा आणि जादा कामास दीडपट दाम हे तत्त्व आणले. पुढे युनियनच्या करारांत भरपगारी रजेचे कलम रुजले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. फ्रान्सने जून १९३६ मध्ये सर्व कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने दिली, तीही प्रचंड संपांच्या लाटेनंतर. अमेरिकेत खाजगी मालकाने भरपगारी रजा दिलीच पाहिजे असा केंद्रीय कायदा आजही नाही. तेथे कामगाराची रजा म्हणजे त्याच्या करारातले कलम. कलम लिहून घेणारा संघ नसेल, तर मालक देईल ती रजा.

आपल्याकडेही आठवड्याची सुट्टी आकाशातून पडलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित केले, आणि १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याने वर्षात २४० दिवस भरलेल्या प्रौढ कामगारास दर २० दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा दिली. या २४० आकड्याशी आमची जुनी ओळख आहे. विशीत आम्ही एका कारखान्यात बदली कामगार होतो. दिवस भरत आले की मुकादम सांगे, "उद्यापासनं येऊ नको, महिन्यानं ये." दोन वर्षे आमचे २४० भरले नाहीत. कायदा कागदावर होता, पण हजेरीचे पुस्तक दुसऱ्याच्या हाती होते. आम्ही युनियनच्या कामात पडलो त्याचे हे एक कारण.

रजा मिळाली तरी उतरायचे कोठे, हा पुढचा प्रश्न. प्रथम लोक झाडाखाली जागा दिसेल तेथे गाडी घालीत. कॅलिफोर्नियात काम करणारे वनस्पतिरोगांचे एक जाणकार, मायनेके, यांनी दाखवून दिले की गाड्यांनी आणि पावलांनी माती घट्ट होते आणि मुळांचा जीव जातो. १९३२ साली त्यांनी तळाची आखणी सुचवली. एकेरी वळणरस्ता, प्रत्येक कुटुंबाला गाडी लावण्याची ठरलेली खाच, एक मेज, एक चूल आणि मध्ये झाडझाडोरा. आज तेथे ज्या क्रमांकाच्या जागा आगाऊ राखून ठेवाव्या लागतात, त्यांची मूळ आखणी ही आहे.

ती आखणी जमिनीवर उतरवली बेकारांनी. १९३३ ते १९४२ या काळात सरकारने सुमारे ३० लाख बेकार तरुणांना रानांच्या आणि उद्यानांच्या कामावर घेतले. महिना ३० डॉलर मिळत. त्यांतले २५ च्या आसपास घरी धाडावे लागत. मेजे, चुली, रस्ते, निवारे त्यांनी बांधले. तळ्याकाठी बसून चहा पिणाऱ्याने त्या मेजाकडे एकदा तरी या दृष्टीने पाहावे.

पण सार्वजनिक म्हटलेला काठ सर्वांचा नव्हता. व्हर्जिनियातील शेनँडोआ राष्ट्रीय उद्यानात १९३९ साली लुईस माउंटन हा तळ उघडला, तो केवळ काळ्या लोकांसाठी. ही वेगळी पंगत १९५० पर्यंत मोडली. मिशिगनमध्ये आयडलवाइल्ड नावाचे तळे आहे. इतरत्र दारे बंद, म्हणून १९१२ च्या सुमारापासून तेथे काळ्या कुटुंबांचे विश्रामस्थान वसले. शिकागोचे नामवंत शस्त्रवैद्य डॅनियल हेल विल्यम्स यांनी तेथे जमीन घेतली, विचारवंत डू बॉइस यांनी घेतली, आणि कारखान्यांतील कामगारही आले. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने इतर दारे उघडली, तेव्हा आयडलवाइल्ड ओस पडत गेले. पाणवठ्याच्या हक्कासाठी जेथे महाडला सत्याग्रह करावा लागला, त्या प्रांताच्या लोकांना याचा अर्थ फोड करून सांगण्याची गरज नाही.

त्याही आधीची गोष्ट बर्ट नावाच्या तळ्याची आहे. हेही मिशिगनच्याच उत्तर भागात. त्याच्या काठी मूळ रहिवाशांचे एक गाव होते. त्यांनी स्वतःच्या पैशाने जमीन विकत घेऊन ती राज्याच्या गव्हर्नरच्या नावे विश्वस्त म्हणून ठेवली होती. अशा जमिनीवर कर लागू नये. तरी कर आकारला गेला, तो थकला म्हणून जमीन विकली गेली, आणि १५ ऑक्टोबर १९०० रोजी तेथल्या शेरीफने नव्या मालकाबरोबर येऊन घरांवर रॉकेल ओतून गाव पेटवून दिले. आज त्याच तळ्याकाठी राज्याचे उद्यान आहे. कुटुंबे तंबू आणि मोटारघरे घेऊन येतात, मुले पाण्यात डुंबतात. त्या मुलांचा काही अपराध नाही. मात्र तेथे उतरणाऱ्या बापाने ही हकिकत त्यांना सांगावी.

तळे आहे, पण पाणी पोहण्याजोगे आहे काय? साठच्या दशकात मिशिगनभोवतालची मोठी सरोवरे कारखान्यांच्या आणि शहरांच्या घाणीने भरू लागली होती. डेट्रॉइटमधून वाहणाऱ्या रूज नदीवरील तेलाने १९६९ साली पेट घेतला. यात मोटार कामगारांच्या युनियनची वागणूक सांगण्यासारखी आहे. घाण ज्या कारखान्यांतून येत होती त्यांतच तिचे सभासद काम करीत होते. गप्प बसणे सोपे होते. तरी १९६५ साली युनियनने डेट्रॉइट येथे स्वच्छ पाण्यासाठी परिषद भरवली. कामगारही त्याच पाण्यात मासे धरतो, त्याचीच मुले त्यात पोहतात, ही त्यामागची जाणीव होती. १९७२ साली स्वच्छ पाण्याचा केंद्रीय कायदा झाला. नोकरी हवी की नदी, असा प्रश्न आम्हांलाही वाटाघाटीच्या मेजावर कितीदा तरी विचारला गेला आहे. ज्याला दोन्ही लागतात त्याला असा प्रश्न विचारणे हीच लबाडी आहे, असे आमचे मत आहे.

आता चुलीची गोष्ट. मरेच्या वाचकांना वाटाड्या शिजवून घाली, फोर्डला आचारी. कामगाराच्या तंबूत कोण शिजवणार? आमच्या सभासदाच्या यादीत खालच्या ओळीत मुलाने सहज लिहिले होते, 'स्वयंपाक : आई.' ते वाचल्यावर त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "सात समुद्र ओलांडून बी शेगडीम्होरंच बसायचं, तर मी हितंच बरी." या बाईंनी चाळीस वर्षांत एकदाही खाडा केलेला नाही. त्यांचे हजेरीपुस्तक कोणी ठेवले नाही, म्हणून त्यांची रजा कोणत्याही कायद्यात बसली नाही.

हा प्रश्न वॉल्टर रूथरला काही अंशी कळला होता असे दिसते. तोच रूथर, १९३७ साली मार खाल्लेला, पुढे युनियनचा अध्यक्ष झाला. उत्तर मिशिगनमध्ये ब्लॅक लेक या तळ्याकाठी सुमारे हजार एकर जागेवर त्याने कामगारांचे कौटुंबिक शिक्षणकेंद्र उभारले. उन्हाळ्यात कामगाराने एकट्याने न येता बायकामुलांसह दोन आठवडे यावे, सकाळी वर्गात बसावे, दुपारी पाण्यात उतरावे. मुलांसाठी वेगळा कार्यक्रम असावा आणि जेवण भोजनगृहात मिळावे, अशी योजना होती. खर्च फार वाढला म्हणून त्याच्यावर टीकाही झाली, आणि सभासदांच्या पैशाबाबत अशी टीका झालीच पाहिजे. ९ मे १९७० रोजी हेच बांधकाम पाहण्यास जाताना पेलस्टन विमानतळाजवळ विमान कोसळले. त्यात रूथर, त्याची पत्नी मे आणि वास्तुविशारद स्टोनोरॉव्ह हे मृत्यू पावले. केंद्र पुरे झाले आणि त्यास रूथर पतिपत्नींचे नाव देण्यात आले.

बेत आखण्यासाठी यातून काय घ्यावे, ते आम्ही आमच्या सभासदाला कागदावर लिहून दिले. आपणांपैकी कोणाचे मुलगे-मुली तिकडे असतील तर त्यांनाही कळवा. प्रथम रजेचे दिवस मोजावे, आणि मुक्कामाचे दिवस त्यांहून एकाने कमी धरावे. परतल्या रात्री सामान आवरून दुसऱ्या सकाळी पाळीवर उभे राहणे ही सहलीची शिक्षा आहे. जागा आगाऊ राखावी. मोटारघर असेल तर त्याची लांबी आधी कळवून सपाट खाच, विजेची व पाण्याची जोडणी मागावी. गाडीच्या टाकीतला मैला ठरलेल्या ठिकाणीच रिकामा करावा. भांडी आणि अंग धुण्याचे पाणी तळ्यापासून साठ मीटर तरी दूर ओतावे, मग साबण कोणताही असो. जळण घरून नेऊ नये, तेथेच घ्यावे. हा नियम फुकाचा नाही. ॲश झाडे पोखरणारा एक परदेशी भुंगा २००२ साली डेट्रॉइटच्या परिसरात आढळला, आणि तळावर नेलेल्या लाकडांतून तो दूरदूर पसरला. कोट्यवधी झाडे मेली. आणि शेवटी, चुलीच्या पाळ्या लावाव्या. घरातल्या प्रत्येकाची एक पाळी, आणि आईला भरपगारी रजा.

आपल्याकडेही आता पवना धरणाच्या काठी शनिवार-रविवार तंबूंच्या रांगा लागतात. जावे, अवश्य जावे. मुळशीच्या पाण्याकडे जाल तेव्हा मुलांना सेनापती बापट आणि १९२१ चा सत्याग्रह सांगावा. त्या पाण्याखाली शेते आणि घरे आहेत. तंबू भाड्याने देणाऱ्याला त्याचे गाव कोणते, असे एकदा विचारावे. पाण्याखाली गेलेल्या गावाचा माणूस असेल तर तो तुम्हांला आमच्याहून अधिक इतिहास सांगेल.

आमचे सभासद आणि त्यांच्या पत्नी त्या उन्हाळ्यात तळ्यावर जाऊन आले. येताना त्यांनी ती यादी परत आणली. आता ती आमच्या कचेरीत भिंतीवर आहे. 'स्वयंपाक : आई' ही ओळ खोडलेली आहे. आणि सर्वांत वर, तंबूच्याही वर, लेथ चालवणाऱ्या हाताने मोठ्या अक्षरांत एक जिन्नस वाढवलेली आहे : रजा.